कवटीची पाटी

विचुंब्यात कुणालाही विचारा, दयारामची बहीण कशाने गेली? सांगतील, चुकीच्या पाल्याने. म्हातारीची नजर गेली होती, भांबुर्डा समजून भलताच पाला पोपटीत घातला, स्वतः गेली आणि पोराला, भावजयीला बरोबर घेऊन चालली होती. साफ खोटं आहे. माझ्या बहिणीची नजर शेवटपर्यंत ठणठणीत होती. हे खोटं गावात मी पसरवलंय. मी म्हणजे दयाराम, तिचा सख्खा भाऊ.

माझा धंदा औषध मारायचा. झुरळं, उंदीर, वाळवी, डास, गवत, तुम्ही सांगाल ते मारतो. खांदा कॉलनीतल्या चार सोसायट्या आणि विचुंब्याच्या बाजूची एक नवी इंग्लिश शाळा, एवढा माझा पसारा. ज्या जमिनीत आम्ही भात लावायचो तिथे आता बिल्डिंगा झाल्या, आणि त्या बिल्डिंगांच्या कडेला गवत वाढलं की ते मारायला मलाच बोलावतात. त्यात काही वाईट वाटायचं नाही मला. रडून काय जमीन परत येते?

गंगाबाय माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. बायने मला कडेवर घेऊन लावणी केली, बांधावर निजवून कापणी केली. तिचं लग्न झालं तेही गावातच, म्हणून मी वाचलो, नाहीतर माझं काय झालं असतं देव जाणे. शाळेत ती एक दिवस गेली नाही, पण पाला ओळखायला तिच्यासारखं कुणी नव्हतं. टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळी, तुम्ही नुसतं पान तिच्या हातात द्या, ती चुरगळून वास घ्यायची आणि नाव सांगायची. ते कुठे उगवलं असेल तेसुद्धा सांगायची.

थंडी पडली की आमच्याकडे पोपटी लागते. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, हे सगळं मडक्यात भरायचं, मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. सगळं शिजतं ते भांबुर्ड्याच्या पाल्यावर. मडक्याच्या तळाला भांबुर्डा, मध्ये भांबुर्डा, तोंडाला गच्च भांबुर्डा. सोसायटीवाल्यांच्या लेखी ते तण. वासाला इतकं उग्र की गाईगुरं तोंड लावत नाहीत. आमच्या लेखी त्याच्याशिवाय पोपटी नाही.

आणि बायच्या लेखी भांबुर्डा म्हणजे शाळेच्या मागचा. तो तुकडा पूर्वी तिच्या सासऱ्याचा होता. आता शाळेच्या कुंपणात गेलाय, पण मागची भिंत एका ठिकाणी पडलेली आहे, तिथून ती आत जायची. शाळेचे शिपाई ओळखायचे तिला, काही बोलायचे नाहीत. मी कितीदा म्हटलं, बाय, मी तिथे औषध मारतो, तू तिथला पाला आणू नकोस. ती म्हणायची, त्या मातीचा वास दुसऱ्या भांबुर्ड्याला नाय. मग आमचं ठरलं. मी एक पाटी केली, पत्र्याची, त्यावर लाल रंगाने कवटी काढली आणि खाली दोन हाडं. बायला वाचता येत नव्हतं, कवटी कळत होती. पाटी लागली की तीन आठवडे त्या जागेत पाय ठेवायचा नाही, पाटी निघाली की खुशाल जा. सहा वर्षं हे बिनचूक चाललं. ती आधी पाटी बघायची आणि मग आत जायची.

आता त्या शनिवारचं सांगतो.

शाळेच्या मुख्याध्यापिका अरुंधती मॅडम. बाई शिस्तीची, पण ऐकून घेणारी नव्हे. मागच्या जागेत भटकी कुत्री बसायची, त्यांच्या गोचिडी मैदानात यायच्या. एका मुलीच्या कानामागे गोचीड सापडली आणि तिच्या आईने ग्रुपवर फोटो टाकला. झालं. मॅडमनी मला बोलावून सांगितलं की गवतही गेलं पाहिजे आणि गोचिडीही, आणि पुन्हा एक तक्रार आली तर दुसरा माणूस बघते. शाळेत मारायला परवानगी असलेलं जे सौम्य औषध असतं ते मी दोनदा मारून बघितलं होतं. गोचिडी त्यात आंघोळ करत होत्या.

म्हणून मी शेतातलं औषध घेतलं. वांग्याच्या अळीवर मारतात ते. डब्यावर लाल त्रिकोण होता, म्हणजे सगळ्यात जहाल. शाळेच्या आवारात ते न्यायलासुद्धा बंदी. गवताचं आणि हे, दोन्ही एकाच पंपात कालवलं आणि शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मारून टाकलं. गवताचं औषध सावकाश चालतं, आठ दिवस पाला हिरवागार दिसतो. दुसरं औषध पानावर बसून राहतं आणि दिसत तर मुळीच नाही.

मारून झाल्यावर मी पाटी ठोकायला घेतली, तर मॅडम वरून धावत आल्या. रविवारी नव्या प्रवेशासाठी पालक शाळा बघायला येणार होते. पालकांनी काय कवटी बघायची का, असं विचारलं त्यांनी. सोमवारी लावा म्हणाल्या. मी एकदा म्हटलं की मॅडम, हे लावावं लागतं. त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. मी पाटी उचलली आणि गाडीत टाकली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बाय आठवली होती. पण पोपटी आमची त्या वर्षी नेऱ्याला ठरलेली, ओळखीच्याच्या वाडीवर, आणि तिथे भांबुर्डा ढिगाने. मी मनात म्हटलं, ती कशाला इथे येतेय! एक फोन करायचा होता. फोन माझ्या खिशातच होता.

रविवारी सकाळी सोसायटीतलं एक उंदरांचं काम उरकून मी अकराला नेऱ्याला पोचलो. तोवर मडकं पालथं घालून जाळ पेटला होता. माझी बायको वेणू, बाय आणि बायचा निकेश, बस एवढेच आम्ही. निकेश तिचा एकुलता एक, बत्तीस वर्षांचा, उरणला गोदामात कामाला. बाय जाळाशी बसून काटक्या सारत होती, खूश होती. मला म्हणाली, उशिरा आलास, तुना शेंगा नाय. मी म्हटलं, मला नकोच आहेत, संकष्टी आहे. सोळा वर्षं मी संकष्टी करतो. त्यावर तिने माझी भरपूर थट्टा केली, की पोपटीच्या दिवशी उपास धरणारा आगरी उभ्या रायगडात हा एकटाच.

मडकं उघडलं. वास असा आला की उपास मोडावासा वाटला. त्या वासाखाली दुसरा कुठला वास असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. निकेशने जास्त करून कोंबडीवर ताव मारला, ती केळीच्या पानात होती. वेणूने अंडी आणि थोड्या शेंगा खाल्ल्या. बाय शेंगा सालीसकट दातांत धरून ओढायची, तिची लहानपणापासूनची सवय. तळाच्या पाल्याला चिकटलेले दाणे कुणाला आवडत नाहीत, ते ती बोटांनी निपटून खायची. काही टाकायचं नाही, तिला टाकलेलं बघवत नसे.

दोन वाजता तिला घाम सुटला. थंडीचे दिवस, सावलीत बसलेली, आणि पाठ ओलीचिंब. मग उलटी. मग तोंडातून लाळ, ती थांबेच ना. वेणूच्या पोटात मुरडा आला, निकेशलाही उलटी झाली. मला वाटलं कोंबडी बाधली. तिघांना गाडीत घातलं आणि पनवेलकडे सुटलो. निकेश मागे आईला धरून बसला होता. मी विचारलं, कोंबडी कुठून आणली होती रे? तो म्हणाला, कोंबडी घरची. मग म्हणाला, पाला मात्र आयनं शाळेच्या मागचा आणलाय, पहाटेच, मीच गाडीवर सोडलं तिला, दवात भिजून भारा डोक्यावर घेऊन आली.

माझ्या पाचावर धारण बसली. गाडी कशी चालवली मला आठवत नाही. आरशात मी बायचे डोळे बघितले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. औषधाच्या डब्यात घडी घातलेला एक कागद येतो, त्यावर हे सगळं लिहिलेलं असतं. घाम, लाळ, बारीक बाहुल्या. तो कागद मी शंभर वेळा वाचलाय.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, रविवारची ड्युटी. त्याने नीट विचारलं, त्याचा काही दोष नाही. काय खाल्लं विचारलं, पाला कुठला विचारलं. निकेश आणि वेणूला आत झोपवलं होतं, बाहेर मी एकटा. त्याने सरळ विचारलं, "पाल्यावर कीटकनाशक मारलेलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही. रानातला पाला आहे."

का म्हटलं? भ्यालो. दुसरं काही नाही, भ्यालो. शाळेच्या आवारात लाल त्रिकोण, पाटी नाही, लायसन्स जाईल, पोलीस येतील, पेपरात फोटो येईल. हे सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि तोंडातून "नाही" निघालं. वाटलं, सलाइन लावतील, उलट्या थांबतील, घरी जाऊ. डॉक्टरने अन्नातून विषबाधा धरून उपचार सुरू केले. वेणू आणि निकेश तासाभरात सावरायला लागले. त्यांना बघून माझा खोटेपणा जास्तच घट्ट झाला. म्हटलं, बघ, होतायत की बरे.

बाय सावरत नव्हती. पहाटे ओल्या पाल्यात दीड-दोन तास ती उघड्या हातांनी वावरली होती, भारा डोक्यावरून मानेवर निथळला होता, आणि वर तिनेच सगळ्यात जास्त खाल्लं होतं. मी जवळ बसलो. तिने माझं मनगट धरलं. हाताचे स्नायू आपोआप उडत होते तिच्या. बोलणं घोगरं झालं होतं, पण शुद्ध पुरी होती.

"दया, पाटी नव्हती रं. मी दोनदा बगितली."

मी तिच्या तोंडाची लाळ पुसली.

"पाटी नव्हती म्हंजे औषध नव्हतं. मंग पाला चुकला काय माजा?"

बघा तुम्ही. एवढी मरणाला टेकलेली बाई, पण माझ्यावर तिला शंका येत नव्हती. भावाने पाटी लावली नाही म्हणजे औषध नाही, हे तिच्या लेखी सूर्यप्रकाशासारखं स्वच्छ. मग उरलं काय? तिचे स्वतःचे डोळे. पन्नास-साठ वर्षं जे तिने कधी चुकवलं नाही ते आज चुकलं असेल, यावर ती विश्वास ठेवायला तयार होती. पण माझ्यावर अविश्वास ठेवायला तयार नव्हती.

पडद्याच्या पलीकडे नर्स होती. बाजूच्या खाटेवर निकेश जागा होता.

मी म्हटलं, "असंल बाय. वय झालं तुजं."

तिने मनगट सोडलं. रडली नाही. निकेशच्या खाटेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मीच पोराला माज्या हातानं चारलं." मग तोंड भिंतीकडे केलं.

पाच वाजता तिचा श्वास घरघरायला लागला आणि मोठे डॉक्टर आले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला एकट्याला ऐकू जाईल असं पहिलंच वाक्य, हे औषध आहे. माझ्याकडे वळले. मी त्यांना बाहेर घेऊन गेलो, पाय धरले, औषधाचं नाव सांगितलं. त्यांनी शिवी नाही दिली. एवढंच विचारलं, किती वाजता आणलंत? मी म्हटलं, तीनला. त्यांनी घड्याळ बघितलं आणि आत पळाले. उतारा असतो या औषधाला, सुया असतात. वेळेवर दिल्या तर माणूस उठून बसतो. त्यांनी दिल्या. घशात नळी घातली, मशीन लावलं.

मी तीन दिवस तिच्या उशाशी होतो. सांगायचं होतं. बाय, तुझा पाला बरोबर होता, भांबुर्डाच होता तो, पाटी मी काढली, औषध माझं. चार वाक्यं. पण निकेश हलायचाच नाही तिथून. तो चहाला गेला की वेणू असायची. आणि एकदा, मंगळवारी दुपारी, दहा मिनिटं कुणी नव्हतं. मी वाकलो तिच्या कानाशी. मशीनचा आवाज ऐकत दहा मिनिटं तसाच वाकून उभा राहिलो. बुधवारी सकाळी ती गेली.

पोलिसांचा कागद झाला. हवालदाराने मला विचारलं, कारण घरातला शहाणा माणूस मी. मी लिहून दिलं, रानातला चुकीचा पाला खाण्यात आला. डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर इंग्रजीत काय लिहिलंय ते आमच्या घरात कुणी वाचलं नाही. व्हिसेरा तपासणीला पाठवलाय, त्याला वर्ष होत आलं, रिपोर्ट अजून आलेला नाही. आला की बघू. हे मी रोज म्हणतो.

दिवसपाण्याला लोक आले आणि मला म्हणाले, देव तारी त्याला कोण मारी. संकष्टी पावली तुला. मी मान डोलावली. म्हाताऱ्या बायका आपापसात बोलत होत्या की गंगाबायला हल्ली दिसत नव्हतं, आम्हाला आधीच कळलं होतं. कधी कळलं होतं त्यांना? त्याच पावसाळ्यात तिच्याकडूनच तर भारंगी ओळखून घेतली होती त्यांनी! पण मी काय बोलणार? आता गावात पोपटी लावताना बायका पोरींना सांगतात, पाला नीट बघा गो, नायतर गंगाबायसारखं व्हायचं.

त्या सोमवारी सकाळीच, बाय मशीनवर असताना, मी शाळेत जाऊन पाटी लावून आलो होतो. मॅडमनी सांगितलं होतं ना, सोमवारी लावा.

परवा पुन्हा शाळेचा फोन आला. थंडी सुरू झाली, मागची जागा वाढलीय. मी पंप घेऊन निघालो तर दारात निकेश. रजा काढून आला होता. म्हणाला, मामा, मी पण येतो. मी नको म्हटलं, पण तो गाडीत बसला. आई गेल्यापासून तो मला सोडत नाही. म्हणतो, मना आता तुज्याबिगर कोन हाय?

पडलेल्या भिंतीतून आम्ही आत गेलो. गुडघाभर भांबुर्डा, पिवळी बारीक फुलं आलेली, सगळीकडे तोच वास. निकेश तिथे उभा राहून रडला थोडा. मग डोळे पुसून म्हणाला, "मामा, मना दाखव. आयनं चुकीचा घेतला तो पाला कंचा?"

तिथे भांबुर्ड्याशिवाय काही नव्हतं. मी बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिलो. त्याला वाटलं मी शोधतोय. शेवटी भिंतीच्या कडेचं एक झाड दाखवलं. म्हटलं, हा.

तो खाली बसला. पान तोडलं, चुरगळलं, वास घेतला, आईसारखाच.

"वास तर तसाच हाय."

"हो," मी म्हटलं, "म्हणूनच फसली ती."

त्याने मान हलवली. मी पंप भरला. त्याने मला तिथूनच सुरुवात करायला लावली, त्या झाडापासून, दोनदा मारायला लावलं. सगळी जागा झाली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मी पंप गाडीत ठेवत होतो तर त्याने मागून पाटी काढली, गंजलेली, कवटीचा रंग उडालेला. एक दगड शोधून आणला.

"धर मामा," तो म्हणाला. "कोनाची तरी आय येल पाल्याला."

मी पाटी सरळ धरली आणि तो ठोकत राहिला.